ओझरच्या धावपट्टीभोवती काय, कुठे चालेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकजवळच्या ओझर विमानतळापासून सहा-सात किलोमीटरवर, निफाड तालुक्याच्या बाजूला एक ग्रामपंचायत आहे. घनकचऱ्याच्या शेडसाठी तिला गायरानातली दोन एकर जागा नक्की करायची आहे. शेजारच्या गटात एकाने दहा हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीसाठी अर्ज केलाय. पाझर तलावातला गाळ काढून मासे सोडायचा ठराव झालाय आणि आठवडे बाजारात चिकन-मटणाचे ओटे बांधायचेत. विमानतळाकडून पक्ष्यांबद्दल पत्र आलं आणि चारही कामं अडकली. सदस्य म्हणतात, नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात हजारो पक्षी उतरतात त्याचं कोणाला काही नाही, मग आमच्या दोन ट्रॉली कचऱ्याने काय बिघडतं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चार कामांचं उत्तर त्यातूनच निघतं.

नांदूरमध्यमेश्वर ओझरच्या धावपट्टीपासून सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटर आग्नेयेला आहे. धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. तिची मधली रेघ नकाशावर निफाडच्या दिशेला वाढवत नेली, तर अभयारण्य त्या रेघेच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटर राहतं. म्हणजे तिथे पाण्यावर बसलेली बदकं, वारकरी नावाचे पाणपक्षी, रोहित (फ्लेमिंगो) हे विमानाच्या वाटेत नसतात. पक्षी किती आहेत यापेक्षा ते रोज कुठून कुठे जातात, हे जास्त महत्त्वाचं. रात्री झोपायची झाडं एकीकडे, सकाळचा चारा दुसरीकडे आणि दोन्हींच्या मध्ये विमान उतरण्याची वाट असेल, तर पन्नास बगळेसुद्धा धोकादायक ठरतात. दिवसातून दोनदा, वर्षातून साडेतीनशे दिवस ते ती वाट ओलांडतात. हजारो पक्षी असलेलं अभयारण्य वाटेबाहेर असल्याने तितकं अडचणीचं नाही, तुमचं दोन एकर गायरान मात्र असू शकतं. अभयारण्य कोणी हलवू शकत नाही आणि हलवूही नये, ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ आहे. पण त्याची शाखा धावपट्टीच्या तोंडाशी उघडू नये, एवढं ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

आता उंचीचं गणित, कारण ‘सहा किलोमीटर म्हणजे लांब’ हा समज इथेच मोडतो. विमान साधारण ३ अंशाच्या उताराने खाली येतं, म्हणजे दर किलोमीटरला ५२ मीटर. धावपट्टीच्या टोकावरून ते सुमारे १५ मीटर उंचीवरून जातं. त्या हिशोबाने टोकापासून ३ किलोमीटरवर विमान १७० मीटर उंचीवर असतं, ६ किलोमीटरवर ३३० मीटर, १० किलोमीटरवर ५४० आणि १३ किलोमीटरवर जवळपास ७०० मीटर. कचऱ्याच्या ढिगावर घिरट्या घालणारी घार ऊन तापलं की, दहा-साडेदहानंतर, दोनशे ते पाचशे मीटरवर सहज जाते. म्हणजे सहा किलोमीटरवरच्या ढिगावरची घार आणि उतरणारं विमान एकाच मजल्यावर येतात. बगळे, साळुंक्या, कबुतरं खालून उडतात, शे-दीडशे मीटरच्या आत. त्यांचा त्रास पहिल्या तीन किलोमीटरमध्ये. सरसकट एकच वर्तुळ काढून सगळ्याला बंदी किंवा सगळ्याला मोकळीक देणं म्हणून चुकीचं ठरतं.

धडकेचा जोरही एकदा पाहून घ्या. घारीचं वजन ७०० ग्रॅम धरा आणि विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर. होणारी ऊर्जा येते सुमारे १९७० ज्यूल. ५० किलोची सिमेंटची गोणी चार मीटर उंचीवरून टाकली तर जेवढी येते तेवढी, आणि तीही वीतभर जागेवर. तीन किलोचा चित्रबलाक (करकोच्याच्या जातीचा पक्षी) असेल तर त्याच्या चौपटीहून जास्त. मोठी जेट इंजिनं पक्षी आत गेला तरी फुटून बाहेर तुकडे उडू नयेत अशी तपासलेली असतात, पण मोठा पक्षी गिळल्यावर इंजिन चालूच राहील अशी हमी त्या चाचणीत नसते. २००९ मध्ये न्यूयॉर्कहून उडालेल्या एअरबसची दोन्ही इंजिनं हंसांच्या थव्याने बंद पडली आणि ती हडसन नदीत उतरवावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुआन विमानतळावर १७९ माणसं गेली. त्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत स्थलांतरित बदकांचे अवशेष सापडले. अपघाताला इतर कारणंही होती, पण सुरुवात तिथून झाली. आपल्याकडे जून २०२२ मध्ये पाटण्याहून निघालेल्या बोइंगच्या इंजिनाने पक्षी लागून पेट घेतला आणि ते परत उतरवलं. ओझरला आणखी एक बाब आहे: इथे प्रवासी विमानांबरोबर एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या लढाऊ विमानांची चाचणी उड्डाणं होतात. सुखोईला दोन इंजिनं आहेत. तेजसला एकच.

कायद्याच्या तीन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, विमान नियम १९३७ मधला नियम ९१: विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून (साधारण धावपट्टीच्या मध्यापासून) १० किलोमीटरच्या आत जनावरं कापणं, सोलणं, आणि पक्षी येतील असा कचरा किंवा घाण टाकणं मना आहे. हॉटेल, मटण-मासळीची दुकानं, हाडांच्या गिरण्या यांचा कचराही त्यात नावानिशी आहे. पक्षी येणार नाहीत अशी पुरेशी व्यवस्था केली असेल तर केंद्र सरकार लेखी परवानगी देऊ शकतं. मोडणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. दुसरी, घनकचरा नियमांतली जागेची अट. २०१६ च्या नियमांत ती अशी होती: भरावभूमी (कचरा कायमचा पुरायची जागा) विमानतळापासून २० किलोमीटर दूर हवी, १० ते २० च्या दरम्यान खास बाब म्हणून, विमान वाहतूक प्राधिकरण किंवा हवाई दलाच्या ना-हरकतीने. दहाच्या आत नाहीच. तिसरी गोष्ट कायद्यात शोधून सापडणार नाही, पण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. बांधकामासाठी विमानतळाकडून जी ना-हरकत मिळते ती उंचीची असते. इमारत, टॉवर, चिमणी किती उंच, एवढंच त्यात पाहतात. ‘आम्हाला एनओसी आहे’ म्हणून जो कागद दाखवतात त्यात पक्ष्यांचा विचार झालेलाच नसतो. अर्जदाराला हे पहिल्याच दिवशी सांगा.

आंतरराष्ट्रीय संकेत १३ किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचा आहे. व्यवहारात तीन पट्टे करावेत: ३ किलोमीटरपर्यंत, ३ ते ८, आणि ८ ते १३. याशिवाय दोन्ही टोकांपासून मधल्या रेघेवर १३ किलोमीटर लांब आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड किलोमीटर रुंद असा उतरण्याचा पट्टा वेगळा रंगवायचा. गुगल अर्थवर हे काम अर्ध्या तासाचं आहे. संदर्भबिंदू म्हणजे साधारण धावपट्टीचा मध्य, पण पट्टे मोजताना टोकापासून मोजा. ओझरची धावपट्टी ३ किलोमीटर लांब आहे. मध्यापासून मोजलं तर दीड किलोमीटरचा फरक पडतो आणि ‘आम्ही साडेआठवर आहोत’ म्हणणारा प्रत्यक्षात सातवर निघतो. कायद्याचे १० किलोमीटर मात्र संदर्भबिंदूपासूनच. ही दोन मापं एकाच नकाशावर दोन रंगांत असू द्या, म्हणजे सभेत भांडण होत नाही.

आता तुमची चार कामं.

कचरा शेड. जागा १० किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे उघडा डेपो किंवा भराव हा विषय संपला. बंद प्रक्रिया शेड चालू शकते, पण ‘बंद’ शब्दाचा अर्थ ठरवून घ्या. चार खांब आणि वर पत्रा म्हणजे बंद नव्हे; ती कावळ्यांची सावली झाली. जोतं जमिनीपासून फूट-दीड फूट वर, तीन बाजूंना भिंत, भिंत आणि छप्पर यांच्यातली फट जाळीने बंद, चौथ्या बाजूला सरकतं शटर. जाळीचं भोक २५ ते २८ मिलिमीटर घ्या, म्हणजे साळुंकीसुद्धा आत जात नाही. बाजारात ५० मिलिमीटरची स्वस्त मिळते, ती फक्त कबुतर-कावळा अडवते. चिमणीही थांबवायची असेल तर १९ मिलिमीटर लागते, पण इथे तिची गरज नाही. जाळी ताणून बसवा. सैल जाळीत पक्षी अडकतो, अडकलेला पक्षी पाहून घारी येतात, आणि ज्यासाठी खर्च केला तेच पदरात पडतं.

खतासाठी नाडेपचे हौद बांधायची पंचायतींना सवय आहे. मूळ पद्धतीत १० बाय ६ बाय ३ फुटांचा हौद एक-दोन दिवसांत भरून वरून शेण-मातीने लिंपून टाकतात. तसा केला तर पक्ष्यांना त्यात काही नसतं. गावात मात्र हौद दोन महिने थोडा थोडा भरत राहतो आणि कधीच लिंपला जात नाही. हौद चार बांधा पण लहान बांधा, पाच-सहा दिवसांत एक भरेल असे. गांडूळखत करायचं असेल तर ते जाळीच्या आतच; उघडं गांडूळखत म्हणजे बगळ्यांना ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. ओला कचरा ज्या दिवशी येईल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आत किंवा झाकलेला, ही एकच अट काटेकोर पाळली तरी निम्म्याहून जास्त घारी कमी होतात. घंटागाडीचा मागचा दरवाजा गळका नसावा. शेडपर्यंतच्या रस्त्यावर सांडलेला ओला कचरा शेडमधल्यापेक्षा जास्त पक्षी गोळा करतो.

आणि जागा? दोन एकर उतरण्याच्या पट्ट्यात येत असतील, तर बंद शेडसाठीसुद्धा दुसरी जागा शोधा. बंद शेड वर्षातून काही दिवस उघडी पडतेच. पावसात मशीन बंद पडतं, ठेकेदार बदलतो, कामगार संपावर जातात. नियोजन त्या दिवसांचं करायचं असतं.

चिकन-मटणाचे ओटे. इथे आकडा मांडला की सभेत पटतं. दोन किलोच्या जिवंत कोंबडीतून साधारण १४०० ग्रॅम मांस मिळतं. पिसं, आतडी, पाय, डोकं मिळून ६०० ग्रॅम उरतं. बाजारच्या दिवशी आठ ओट्यांवर प्रत्येकी २५ कोंबड्या कापल्या तर १२० किलो घाण. ती ओढ्याच्या काठावर गेली तर दुसऱ्या सकाळी शंभर घारी आणि तेवढीच कुत्री. ओटे बांधूच नका असं मी म्हणणार नाही. बांधले नाहीत तर हाच धंदा महामार्गाच्या कडेला पाच ठिकाणी पसरेल आणि मग त्यावर कोणाचंच लक्ष राहणार नाही. पण दहा किलोमीटरच्या आत असल्याने कापण्याचं काम ओट्यावर न ठेवता फक्त विक्री ठेवणं सगळ्यात सुरक्षित. कापायचंच असेल तर नियम ९१ खालची लेखी परवानगी आधी, बांधकाम नंतर.

व्यवस्था अशी: ओट्यांच्या मागे कुलूपबंद खोलीत एक डीप फ्रीझर, ३०० लिटरचा पुरतो. त्यात घाण पिशव्यांत बंद करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी झाकलेल्या गाडीने प्रक्रिया केंद्राकडे पाठवायची. केंद्र मिळेपर्यंत तात्पुरता उपाय खोल पुरण्याचा: दोन मीटर खोल खड्डा, निम्मा भरला की वर चुना आणि उरलेल्या खोलीत माती. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब. उथळ खड्डा कुत्री त्याच रात्री उकरतात. यात्रा, बकरी ईद, आखाडीचा शेवटचा रविवार अशा दिवसांसाठी नेहमीची व्यवस्था अपुरी पडते. ४८ तासांसाठी जादा गाडी आणि जादा खड्डा आधीच ठरवून ठेवा. आखाडीला गावात किती कोंबड्या कापल्या जातात हे दुकानदारांना पक्कं माहीत असतं, त्यांनाच विचारा.

पोल्ट्री. शेडच्या आतले दहा हजार पक्षी विमानाला काहीच करत नाहीत. प्रश्न मरतूक, सांडलेलं खाद्य आणि कोंबडीखत यांचा. ब्रॉयलरच्या चाळीस दिवसांच्या बॅचमध्ये पाच टक्के मरतूक धरली तर ५०० पक्षी, म्हणजे दिवसाला सरासरी बारा. शेवटच्या आठवड्यात हेच बारा पक्षी वीस किलोच्या आसपास भरतात. ते बांधावर फेकले तर बॅच संपेपर्यंत घारींना रोजचा रतीब लागतो, आणि बॅच संपल्यावर त्या भुकेल्या घारी दुसरीकडे, बहुतेक तुमच्या बाजाराकडे वळतात. उपाय: सिमेंटच्या रिंगा टाकलेला, घट्ट झाकणाचा मरतुकीचा खड्डा, बॅचगणिक नोंद, आणि झाकणाला कुलूप. भूजल वर असलेल्या जागी हा खड्डा चालत नाही. तिथे बाहेर नेणारी गाडीच लागेल.

खाद्याच्या साठ्याला आणि गोणी रिकाम्या करायच्या जागेला पत्र्याचं शेड हवं, नाहीतर पारवे मुक्कामालाच येतात. कोंबडीखताचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपल्याकडच्या द्राक्षबागा. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या आगेमागे बांधाबांधावर खताचे ढीग पडतात. ढिगात अळ्या होतात आणि साळुंक्या, गायबगळे तिथून हलत नाहीत. ढिगावर ताडपत्री, आणि टाकलं त्याच दिवशी मातीआड. हे पोल्ट्रीवाल्याच्या परवानगीत लिहून काही होत नाही, कारण खत टाकणारा तिसराच असतो. द्राक्ष बागायतदारांच्या बैठकीत बोलावं लागतं.

पाझर तलाव. गाळ काढणं पक्षी कमी ठेवण्याच्या दृष्टीने चांगलंच आहे, फक्त कडा कशा सोडता ते बघा. बगळा, चित्रबलाक, शराटी हे उथळ पाण्यात चालत खातात. वीतभर ते हातभर पाणी हे त्यांचं शेत. कडेला मंद उतार ठेवला की फेब्रुवारीपासून पाणी जसजसं हटतं तसतशी चिखलाची पट्टी रुंद होत जाते, आणि मे महिन्यात सगळे तळे आटलेले असताना तालुक्यातले सगळे पक्षी त्या पट्टीवर येतात. म्हणून काठ १ ला १.५ उताराचा, दगडी पिचिंगचा, मध्ये बेट नाही, काठावर बाभळीची गर्दी नाही. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी याच कारणाने तुलनेने कमी त्रासाची असतात: काठ तीव्र, चिखल नाही. तीव्र काठाचा दुसरा धोका माणसांना असतो, तेव्हा कुंपण आणि तळ्यात सोडलेला गाठींचा दोर हवाच.

मासे मात्र नकोत, निदान उतरण्याच्या पट्ट्यात तरी. बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडल्यापासून पाणकावळे सुरू होतात, आणि पाणकावळे एकेकटे येत नाहीत. मत्स्यबीज आधीच सोडलं असेल तर तळ उघडा पडण्याआधी मासे काढून संपवा. आटत्या डबक्यात तडफडणारे मासे हा वर्षातला सगळ्यात मोठा थवा खेचतात. लहान तळ्यावर दर ३ ते ५ मीटरला आडव्या तारा ताणता येतात. मोठ्या पाझर तलावावर ते जमत नाही, कोणी सुचवलं तर खर्च करू नका. नव्या वसाहती आणि गोदामांची पावसाचं पाणी साठवायची डबकी असतील, तर मोठ्या पावसानंतर ४८ तासांत रिकामी होतील असा निचरा आराखड्यातच मागा. पालखेडचा कालवा, बाणगंगा, कादवा यांचं काही करायचं नाही. ते आहेत तिथे आहेत. आपण पाणी वाढवताना कुठे वाढवतो एवढंच बघायचं.

झाडांबद्दल कोणी विचारलं नाही, पण गायरानाभोवती वृक्षलागवड येणारच. धावपट्टीच्या टोकापासून तीन किलोमीटरच्या आत वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, भोकर ही फळझाडं नकोत. फळं आली की हरियाल, कोकिळा, साळुंक्या दिवसा आणि वटवाघळं रात्री. रेनट्री आणि दाट बांबू ही थव्यांची झोपायची ठिकाणं. करंज, साग, कांचन चालतील, सहा ते आठ मीटर अंतराने, म्हणजे शेंडे एकमेकांत गुंतत नाहीत. थवा मुक्कामाला दाट, सलग शेंडा शोधतो. आधीच मोठं झाड असेल तर तोडायची गरज नसते. विरळणी केली की मुक्काम हलतो. पण घरटी असताना नाही, आणि वन विभागाला विचारल्याशिवाय नाही.

धावपट्टीच्या टोकांजवळच्या शेतांत बाजरी, ज्वारी, सूर्यफूल टाळलेलं बरं. कणसं भरली की पोपट आणि मुनियांचे थवे. द्राक्षं मध्यम त्रासाची, जाळी असेल तर आणखी कमी. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे बागांवर येतात तेव्हा बागायतदार फटाके आणि गॅसच्या तोफा वाजवतात. थवा बागेतून उठतो खरा, पण जातो कुठे? बाग धावपट्टीच्या उत्तरेला असेल आणि फटाका उत्तरेकडून फोडला, तर थवा थेट विमानाच्या वाटेवर. हाकलायचं ते धावपट्टीपासून दूर, आणि विमानाची वेळ सोडून. नांगरणी, रोटाव्हेटरचंही तसंच. ट्रॅक्टर फिरायला लागला की दहा मिनिटांत मागे बगळ्यांची रांग. टोकाजवळच्या मोजक्या शेतकऱ्यांना उड्डाणांच्या वेळा कळवल्या तर ते दोन तास पुढे-मागे करतात. मोबदल्याचा प्रश्नही येत नाही. पडलेल्या भावात टोमॅटो रस्त्याकडेला ओततात, त्याला मात्र कोणाच्या वेळा सांगून उपयोग नाही. ते सुकेपर्यंत पक्षी राहतातच, म्हणून गावात शेणखड्ड्याची एक जागा त्यासाठी राखून ठेवा. पंचवटीत रामकुंडावरच्या कबुतरांचा विषय अधूनमधून निघतो. ती सतरा-अठरा किलोमीटरवर आहेत, ओझरशी त्यांचा संबंध नाही. तिथे शक्ती घालवू नका.

हे सगळं पटवायला अंदाज पुरत नाही, मोजणी लागते. खर्च काही नाही: दोन माणसं, एक दुर्बीण, एक वही. उतरण्याच्या पट्ट्याच्या मधल्या रेघेवर, तुमच्या जागेजवळ उभं राहायचं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दीड तास नंतरपर्यंत, आणि संध्याकाळी त्याच्या उलट. वहीत पाच रकाने: वेळ, कोणता पक्षी, किती, कुठून कुठे, किती उंचीवर. उंचीसाठी उच्चदाबाच्या मनोऱ्याचा आधार घ्या. मनोऱ्याच्या खाली, मनोऱ्याच्या दुप्पट-तिपटीपर्यंत, आणि त्याहून वर, एवढे तीन गट बस्स. घारींसाठी सकाळी अकरा ते दोन वेगळी पाहणी. जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर, डिसेंबर-जानेवारी आणि एप्रिल-मे, प्रत्येक वेळी सलग तीन दिवस. चार ऋतू नसतील तर पावसाळा आणि हिवाळा तरी. नेमकी चूक इथे होते: पाहणी मार्चच्या एखाद्या रविवारी दुपारी उरकतात आणि अहवालात ‘पक्ष्यांचा विशेष वावर नाही’ असं येतं.

वही भरली की बाण नकाशावर काढा. झोपायची जागा आणि चाऱ्याची जागा रेघेच्या एकाच बाजूला असेल तर नवीन शेडही त्याच बाजूला ठेवा, वाट तयार होत नाही. कचऱ्याची जागा ‘सुरक्षित’ म्हणून पलीकडच्या बाजूला हलवली आणि पक्ष्यांची झाडं अलीकडेच राहिली, तर अंतर वाढूनही धोका वाढतो. जागेची शिफारस करताना हे एक वाक्य स्पष्ट लिहा.

परवानगीच्या आदेशात अटी मोघम नकोत. ‘पक्षी येणार नाहीत याची दक्षता घ्यावी’ या वाक्यावर कोणाला कधी नोटीस देता आली नाही. असं लिहा:

- सेंद्रिय कचरा सूर्यास्तानंतर उघड्यावर राहणार नाही. आढळल्यास ग्रामपंचायत स्वखर्चाने उचलेल आणि खर्च धारकाकडून वसूल करेल.
- जाळीचं भोक २८ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल. फाटलेली जाळी सात दिवसांत बदलली जाईल.
- मरतुकीची रोजची नोंद ठेवली जाईल आणि तपासणीला दाखवली जाईल.
- विमानतळाच्या प्रतिनिधीला पूर्वसूचनेशिवाय पाहणी करता येईल.

अकृषिक आदेश आणि बांधकाम परवानगी या दोन्हींत हे आलं पाहिजे. एकात राहिलं की दुसऱ्याकडे बोट दाखवतात. विमानतळ एचएएलचा आहे, तेव्हा पत्रव्यवहार त्यांच्याशी करा आणि प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. जिल्हा प्रशासन, विमानतळ आणि स्थानिक संस्था एकत्र बसतात त्या विमानतळ पर्यावरण समितीच्या बैठकीत तुमचा नकाशा आणि वही ठेवायला मागा. नुसतं हरकतीला उत्तर पाठवण्यापेक्षा त्याने काम लवकर हलतं. २०२७ च्या सिंहस्थात उड्डाणं वाढतील आणि शहराबाहेरच्या वाहनतळांवर अन्नछत्रं लागतील. त्यांच्या उष्ट्याची व्यवस्था या समितीत आत्ताच विचारून ठेवा.

तुमच्या चार कामांचा माझा कौल: ओटे फक्त विक्रीचे, लगेच. पोल्ट्री अटींसह, उतरण्याच्या पट्ट्याबाहेर असेल तर. तलावाचा गाळ काढा, माशांचा ठराव मागे घ्या. शेडची जागा मोजणीशिवाय नक्की करू नका.

सध्या ओढ्याकाठी जो कचरा पडतोय तो बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे घारी जास्त दिसतील, कमी नाही. चारा गेला तरी सवय जात नाही. त्या खाली उतरून, रुंद घिरट्या घेऊन शोधत राहतात. या दिवसांत ‘बंद करूनही पक्षी आहेतच’ म्हणत कोणीतरी एक ट्रॉली पुन्हा ओततो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून बंद करायची तारीख विमानतळाला आधी कळवा आणि तो महिना मृगाच्या आसपास धरू नका. पहिल्या वळवाच्या किंवा मृगाच्या सरीनंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उठतात, त्यावर घारी, पाकोळ्या, कोतवाल तासभर तुटून पडतात. ते कुठल्याच ठरावाने थांबत नाही. त्या संध्याकाळी विमानतळाच्या नियंत्रण कक्षाला फोन करायचा, एवढंच. तो नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवा, शिपायाच्या मोबाइलमध्ये नको.